मांजराचे मूत्रपिंड आणि उसाचा रस

कोल्हापूर जिल्ह्यातील मुलांना दोन मोजमापे वेगळी समजावून सांगावी लागत नाहीत. दुधात पाणी आहे का हे पाहण्यासाठी त्यात लॅक्टोमीटर तरंगवतात. ऊस तोडणीला आला का हे पाहण्यासाठी रसाचा थेंब लहानशा दुर्बिणीसारख्या उपकरणावर टाकून, ते उजेडाकडे धरून ‘ब्रिक्स’ वाचतात. या दुसऱ्या उपकरणाचे नाव रिफ्रॅक्टोमीटर. हेच उपकरण कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यातही असते. तेथे थेंब असतो लघवीचा किंवा रक्ताचा. या थेंबावरून पशुवैद्याला काय कळते आणि काय कळत नाही, ते आज पाहू.

थेंबभर द्रवाची घनता

लॅक्टोमीटरवर २८ हा आकडा दिसला, तर दुधाचे विशिष्ट गुरुत्व १.०२८ आहे असे समजतात. हे आर्किमिडीजच्या तत्त्वावर चालते. पण उपकरण तरंगण्यासाठी भांडेभर द्रव लागतो. मांजराची लघवी मिळते जेमतेम चमचाभर. तेव्हा घनता मोजायची कशी?

येथे प्रकाश मदतीला येतो. पाण्यात पदार्थ विरघळला की त्याचा वक्रीभवनांक वाढतो. (तुमच्या पाठ्यपुस्तकात यालाच अपवर्तनांक म्हटले आहे.) शुद्ध पाण्याचा वक्रीभवनांक १.३३३ असतो. १०० ग्रॅम द्रावणात २० ग्रॅम साखर असेल, म्हणजे २० ब्रिक्स असेल, तर तो १.३६४ होतो. फरक फारच थोडा आहे. तो डोळ्यांना दिसावा कसा?

जर्मनीतील एर्न्स्ट अ‍ॅबे यांनी १८७४ साली आपल्या रिफ्रॅक्टोमीटरची माहिती प्रसिद्ध केली. त्यामागची युक्ती अशी. थेंब काचेच्या प्रिझमवर पसरतात. थेंबातून काचेत शिरणारे किरण स्तंभिकेकडे वळतात. जो किरण पृष्ठभागाला अगदी घासून येतो, त्याचा आपाती कोन ९० अंश असतो. काचेत त्याचा कोन किती होईल? त्या कोनाची ज्या (साइन) म्हणजे थेंबाचा वक्रीभवनांक भागिले काचेचा वक्रीभवनांक. यापेक्षा मोठ्या कोनात प्रकाश जाऊच शकत नाही. म्हणून उपकरणात पाहिले की अर्धा भाग उजळ व अर्धा अंधारा दिसतो. मधली सीमारेषा पट्टीवर ज्या आकड्याशी येते तो वाचायचा.

काचेचा वक्रीभवनांक १.५२ धरला, तर शुद्ध पाण्यासाठी हा कोन सुमारे ६१.३ अंश येतो आणि २० ब्रिक्सच्या द्रावणासाठी ६३.८ अंश. अडीच अंशांचा हा फरक भिंगातून सहज वाचता येतो. ऊस पाहणाऱ्याच्या पट्टीवर ब्रिक्सचे आकडे असतात, पशुवैद्याच्या पट्टीवर विशिष्ट गुरुत्वाचे, तत्त्व एकच. कुत्रा आणि मांजर यांच्या लघवीतील घटकांचे प्रमाण सारखे नसते, म्हणून पशुवैद्यांच्या कित्येक उपकरणांत दोघांसाठी वेगवेगळ्या पट्ट्या आखलेल्या असतात.

मूत्रपिंड काय सांगते?

मूत्रपिंड रक्त गाळते आणि गाळलेल्या पाण्यापैकी बहुतेक पाणी शरीराला परत देते. घरच्या मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले. त्यामुळे मांजर पाणी बेताचे पिते आणि लघवी फार दाट करते. निरोगी मांजराच्या लघवीचे विशिष्ट गुरुत्व सामान्यतः १.०३५ च्या पुढे असते; कुत्र्यात १.०३० च्या पुढचा आकडा समाधानकारक मानतात.

मूत्रपिंडाचा सुमारे दोनतृतीयांश भाग निकामी झाला, की लघवी दाट करण्याची शक्ती जाते. आकडा १.००८ ते १.०१२ च्या आसपास अडकून राहतो. रक्तातील क्रिएटिनिन मात्र साधारणपणे तीनचतुर्थांश भाग निकामी झाल्यावर वाढते. म्हणजे लघवीचा थेंब रक्ताच्या आधी इशारा देऊ शकतो. म्हातारे मांजर एकाएकी जास्त पाणी पिऊ लागले, तर ‘उन्हाळा आहे’ म्हणून सोडून देऊ नये, ते यासाठीच.

पण घाईही नको. नुकतेच भरपूर पाणी प्यायलेल्या निरोगी कुत्र्याची लघवीही पातळ असते. उलट, मधुमेहात लघवीत साखर उतरली तर आकडा थोडा फुगतो. म्हणून पशुवैद्य परीक्षा पुन्हा करतात आणि साखर, प्रथिने वगैरे पाहण्यासाठी रंग बदलणारी पट्टीही वापरतात.

आहाराची परीक्षा

रक्त यंत्रात गरगर फिरवले की तांबड्या पेशी खाली बसतात. वरच्या पिवळसर द्रवाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवला तर एकूण प्रथिने कळतात. कुत्र्यात ती १०० मिलिलिटरमध्ये साधारण ५.५ ते ७.५ ग्रॅम असतात. ती कमी आली तर आहार निकृष्ट आहे का, पोटात जंत आहेत का, यकृत बिघडले का, की मूत्रपिंडातून प्रथिने गळतात, असे अनेक प्रश्न उभे राहतात. शरीरातले पाणी कमी झाले असेल, तर हाच आकडा उगाच मोठा दिसतो.

आता खरी अडचण पाहा. मांजराला टॉरिन नावाचा पदार्थ आहारातूनच मिळावा लागतो; ते तो पुरेसा तयार करू शकत नाही. टॉरिन मांसात व मासळीत असते. चपातीत ते नसते आणि गाईच्या दुधात अगदी अल्प असते. ते कमी पडले तर मांजराच्या डोळ्यातील दृष्टिपटल खराब होते, हे १९७५ साली दाखवण्यात आले. १९८७ साली पॉल पायॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दाखवले, की टॉरिनच्या अभावी मांजराच्या हृदयाचे स्नायू दुर्बल होतात आणि टॉरिन दिल्यावर सुधारतात. यातील मांजरे उपाशी नव्हती; ती बाजारात मिळणारे तयार खाद्यच खात होती! त्यानंतर खाद्य बनवणाऱ्यांनी त्यातील टॉरिन वाढवले.

टॉरिन प्रथिनांच्या साखळीत गुंफले जात नाही. त्यामुळे एकूण प्रथिनांचा आकडा उत्तम असूनही टॉरिन कमी असू शकते. रिफ्रॅक्टोमीटर ‘किती विरघळले आहे’ याचे उत्तर देतो. ‘काय विरघळले आहे’ याचे नाही. दूधचपातीवर वाढणारे मांजर गुबगुबीत दिसते, म्हणून ते सुदृढ आहे असे समजणे ही तशीच चूक होय. मांजराला काय खाऊ घालतो हे पशुवैद्याला नीट सांगणे, हाही परीक्षेचाच भाग आहे.

करून पाहा

(लघवीवर प्रयोग करू नका. कुत्र्याच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस हा रोग माणसाला होऊ शकतो.)

१. पाण्याच्या १२ सेंटिमीटर उंच स्तंभाच्या तळाशी नाणे ठेवले, तर वरून ते किती खोल दिसेल? २० ब्रिक्सच्या साखरपाण्यात किती? (उत्तर : ९.० व ८.८ सेंटिमीटर.) हा २ मिलिमीटरचा फरक डोळ्यांनी खात्रीने सांगता येईल का?

२. शेजारच्या शेतकऱ्याकडे किंवा शाळेत रिफ्रॅक्टोमीटर असेल तर शिक्षकांच्या मदतीने आधी शुद्ध पाण्याच्या थेंबावर शून्य जुळवा. मग एकदा साखरेच्या व एकदा मिठाच्या द्रावणाचा थेंब ठेवा. दोन्ही वेळा आकडा वाढेल. केवळ आकड्यावरून साखर कोणती व मीठ कोणते हे मित्राला ओळखता येते का, ते पाहा. येत नसेल, तर आणखी कोणती परीक्षा करावी लागेल?