आडनावामागचे गाव

प्रवेश-अर्जावर आपण दरवर्षी आडनाव लिहितो. पण ते आपल्याकडे कोठून आले, याचा विचार क्वचितच करतो. माझे आडनाव पोलादपूरकर. गंमत अशी की, खुद्द पोलादपुरात आम्हांला या नावाने कोणी हाक मारीत नाही. आजोबा मुंबईला गिरणीत लागले, तेव्हा हजेरी मांडणाऱ्याने ‘गाव कोणते?’ एवढेच विचारले आणि गावाला ‘कर’ जोडून मोकळा झाला. तेच नाव पुढे वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर चढले.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. गावावरून पडणारे आडनाव बहुधा गाव सोडल्यावरच पडते. महाडात सगळेच महाडचे. तेथे एकालाच महाडकर म्हणून काय उपयोग? ही रीत केवळ आपलीच नव्हे. जर्मनीत न्यूर्नबर्ग सोडून परगावी राहिलेला तो ‘न्यूर्नबर्गर’. तेथला ‘अर’ हा प्रत्यय आपल्या ‘कर’चेच काम करतो.

दुसरा प्रकार व्यवसायावरून पडलेल्या आडनावांचा. जर्मनीतील म्यूलर म्हणजे पिठाची चक्की चालविणारा, श्रायबर म्हणजे लेखनिक. आपल्याकडील चिटणीस, फडणीस, सबनीस, टिपणीस यांतला ‘नीस’ हा फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. ती दप्तरे गेली, हुद्दे गेले. आडनावे तेवढी राहिली.

या दोन्ही प्रकारच्या आडनावांची गाठ आपल्या महाडात पडली आहे. चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ साली केला. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. या लढ्यात महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीस त्यांच्या बाजूने उभे राहिले. एकाचे आडनाव लेखणीवरून आलेले, दुसऱ्याचे गावावरून. बाबासाहेबांचे घराणे सकपाळांचे. आंबडवे हे त्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यात, महाडपासून फार लांब नाही. त्या गावावरूनच शाळेत त्यांचे आडनाव लागले.

गेल्या वर्षी मी शहरात खोली पाहावयास गेलो होतो. घरमालकांनी नाव विचारले. मी सांगितले. “पोलादपूरकर म्हणजे मूळचे कोण?” “पोलादपूरचेच,” मी म्हणालो. “तसे नव्हे हो, मूळ आडनाव काय?” मी ते सांगितले नाही आणि खोलीही मिळाली नाही.

परतताना आजोबांचे नाव मांडणारा तो हजेरीवाला आठवला. त्याने गाव विचारले आणि तेवढ्यावर तो थांबला. आडनावांचा अभ्यास आपण जरूर करावा. त्यांत वाडवडिलांची वाट सापडते. मात्र समोरच्याला आडनाव विचारताना त्या हजेरीवाल्याप्रमाणे गावापाशीच थांबावे, एवढेच माझे सहाध्यायांना सांगणे आहे.