तपासणीपुरता सज्जनपणा

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ६

मित्रांनो, हातपाय आवरून बसायचं आणि मनात मात्र विषयच घोळवायचे, अशा माणसाला भगवंत ‘मिथ्याचारी’ म्हणतात.

२०१५ मध्ये उघड झालेलं फोक्सवॅगन प्रकरण आठवा. डिझेल गाडीची तपासणी चालू आहे हे सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं प्रदूषण कमी करायचं. रस्त्यावर तीच गाडी मर्यादेच्या कितीतरी पट नायट्रोजन ऑक्साइड सोडायची. अशा गाड्या जगभरात सुमारे १ कोटी १० लाख! त्या हवेत श्वास घेणाऱ्या बहुतेकांनी ती गाडी घेतलीही नव्हती. म्हणजे आपल्या कामाची जबाबदारी क्लायंटपाशी संपत नाही. ‘वरून सांगितलं म्हणून केलं’ हेही पुरत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत एका इंजिनिअरला ४० महिन्यांची शिक्षा झाली.

पुढच्याच श्लोकात उपाय आहे. मनाने इंद्रियं आवरून, आसक्ती न ठेवता कर्म करणारा श्रेष्ठ. भगवंत काम सोडायला सांगत नाहीत, आत-बाहेर एक राहायला सांगतात.

आज कोड रिव्ह्यूला टाकण्याआधी स्वतःला एवढंच विचारूया : कुणी तपासणार नसतं, तरी मी हे असंच लिहिलं असतं का?

जय श्रीकृष्ण 🙏