घड्याळ मागे फिरते तेव्हा

बँकेच्या व्यवहारात तारखेइतकेच वेळेलाही महत्त्व असते. भारतात सर्वत्र एकच प्रमाण वेळ असल्याने ही बाब सहसा जाणवत नाही. तथापि, परदेशातील शाखांचे व्यवहार एकाच संगणक प्रणालीत नोंदवायचे झाल्यास आज्ञावली लिहिणाऱ्याला प्रत्येक देशाच्या घड्याळाचे नियम विचारात घ्यावे लागतात.

उदाहरणार्थ, न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोनला ती पुन्हा एकवर आणली जातात. साहजिकच एक ते दोन हा तास त्या दिवशी दोनदा येतो. समजा, ३ नोव्हेंबर २०२४ रोजी एका खात्यात पहाटे १.५० वाजता रक्कम जमा झाली, घड्याळ मागे गेले आणि नंतर १.१० वाजता तीच रक्कम काढली गेली. प्रत्यक्षात या दोहोंत वीस मिनिटांचे अंतर आहे. परंतु केवळ स्थानिक वेळ नोंदवणारी प्रणाली पैसे काढल्याची नोंद आधीची ठरवील आणि शिल्लक नसताना उचल केल्याचा ठपका खातेदारावर विनाकारण येईल.

यावर उपाय म्हणजे घडलेला प्रत्येक व्यवहार समन्वित जागतिक वेळेत नोंदवणे. ऋतुमानानुसार ही वेळ पुढेमागे होत नाही. त्या वेळेनुसार वरील व्यवहार ५.५० व ६.१० असे योग्य क्रमाने नोंदले जातात. भारतीय प्रमाण वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे असल्याने मुंबईतील अधिकाऱ्याला ते सकाळी ११.२० व ११.४० असे दिसतात.

भविष्यातील कामांसाठी मात्र एवढे पुरेसे नाही. ‘न्यूयॉर्क शाखेत रोज सकाळी नऊला’ ही सूचना स्थानिक वेळेतच, कालक्षेत्राच्या नावासह जतन करावी लागते. कारण तेथील व भारतातील वेळेत उन्हाळ्यात साडेनऊ, तर हिवाळ्यात साडेदहा तासांचे अंतर असते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तर तेथे पहाटे दोन ते तीन हा तास येतच नाही. अडीचला नेमलेले काम त्या दिवशी राहून जाऊ शकते.

शिवाय हे नियमही बदलतात. अमेरिकेने २००७ पासून उन्हाळी वेळेचा कालावधी वाढवला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातही घड्याळे एक तास पुढे नेण्यात आली होती. म्हणून अंतराचा आकडा आज्ञावलीत कायमचा लिहून ठेवू नये. जगभरातील कालक्षेत्रांची नियमसूची वापरावी आणि ती वेळोवेळी अद्ययावत करावी. खातेपुस्तकातील नोंदींचा क्रम अचूक राहणे, यावरच खातेदाराचा विश्वास अवलंबून असतो.