हेमलकशाची अनाथ जनावरे आणि आमची सशाची पिल्ले



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी मला प्राण्यांवर लेख लिहायला सांगितला. मी दिवाळीच्या सुट्टीत हेमलकशाचे वन्यप्राणी अनाथालय पाहिले. त्याचीच माहिती लिहीत आहे. पण आधी आमच्या घरची गोष्ट सांगते. ती सांगताना मला वाईट वाटते, पण गुरुजी म्हणाले, खरे असेल ते लिही.

सशाची पिल्ले

दसऱ्याच्या आधी आमच्या वावरात सोयाबीनची सोंगणी चालू होती. धुऱ्याजवळ गवतात मला आणि माझ्या लहान भावाला सशाची दोन पिल्ले दिसली. मुठीत मावतील एवढी. डोळे उघडे होते, अंगावर मऊ केस होते, पण ती पळाली नाहीत. आम्ही इकडेतिकडे पाहिले. आई कोठेच दिसली नाही. भाऊ म्हणाला, "ताई, यायची माय मेली वाटते. आपण घरी नेऊ." आम्ही ती टोपलीत घालून घरी आणली.

आजीने टोपलीत कापूस घातला. मी बोळ्याने गाईचे दूध पाजले. सगळी आळी पाहायला आली. प्रत्येकाने पिल्लू हातात घेतले. एक पिल्लू दुसऱ्या दिवशी मेले आणि दुसरे तिसऱ्या दिवशी सकाळी. भाऊ लय रडला. मीही रडले. आम्ही त्यांना कडुनिंबाखाली पुरले. आम्हाला वाटले, आपण चांगलेच केले होते, पण त्यांचे नशीब नव्हते.

हेमलकसा कोठे आहे

हेमलकसा हे गाव गडचिरोली जिल्ह्यात भामरागड तालुक्यात आहे. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांचा संगम आहे. माझे मामा चंद्रपूरला राहतात. आम्ही एसटीने वणीवरून चंद्रपूरला गेलो. दुसऱ्या दिवशी पहाटे मामांबरोबर पुढे निघालो. आष्टीला वैनगंगा नदी लागली. आलापल्लीनंतर दोन्ही बाजूंना नुसते जंगल. सागाची एवढी उंच झाडे मी कधी पाहिली नव्हती. भावाला उलटी झाली, पण तो खिडकी सोडेना.

अनाथालय कसे सुरू झाले

कुष्ठरोग्यांसाठी वरोऱ्याला आनंदवन काढणारे बाबा आमटे सर्वांना माहीत आहेत. त्यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे आणि सूनबाई डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहायला गेले. तेव्हा तेथे वीज नव्हती, धड रस्ता नव्हता. ते माडिया आदिवासींना औषधपाणी करू लागले. आता तेथे मोठा दवाखाना आणि आश्रमशाळा आहे. दोघांना २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

एकदा डॉ. प्रकाश आमटे यांना जंगलात काही माडिया लोक भेटले. ते शिकार करून चालले होते. मेलेल्या माकडिणीच्या छातीला तिचे जिवंत पिल्लू चिकटलेले होते. डॉक्टरांनी ते पिल्लू मागून घेतले आणि घरी आणून वाढवले. तेथूनच प्राण्यांचे अनाथालय सुरू झाले.

डॉक्टर त्या लोकांवर रागावले नाहीत. ती माणसे पोटासाठी शिकार करत होती. भुकेल्या माणसाला नुसते 'मारू नका' सांगून कसे चालेल? म्हणून त्यांनी सांगितले, पिल्ले मारू नका, आमच्याकडे आणून द्या, आम्ही तुम्हाला धान्य देऊ. मग लोक पिल्ले आणून देऊ लागले. बिबट्या, अस्वल, हरिण, असे करता करता पुष्कळ प्राणी झाले.

आम्ही काय पाहिले

बिबट्या पिंजऱ्यात येरझारा घालत होता. भाऊ माझ्या मागे लपला. मग अस्वल पाहिले. अस्वलाला मोहाची फुले, उंबरे आणि वाळवी फार आवडते. अस्वलीण आपली पिल्ले पाठीवर बसवून नेते. पुढे तरस होते. तरसाचे दात एवढे बळकट असतात की ते हाडेसुद्धा फोडून खाते. जंगलात मेलेली जनावरे खाऊन ते साफसफाईच करते. मगर तोंड उघडून निपचित पडली होती. मला ती मेलेली वाटली. तोंड उघडे ठेवून ती अंग थंड करते असे समजले.

साळिंदर पाहून मी मामांना विचारले, "हे काटे फेकून मारते ना?" मामा हो म्हणाले. पण तेथले एक दादा म्हणाले, "नाही. काटे फेकता येत नाहीत. ते पाठ फिरवून मागे सरकते, मग काटे समोरच्याच्या अंगात घुसतात आणि सुटून येतात." मामा हसले आणि म्हणाले, "मलेही आजच कळलं."

मी दादांना विचारलेला प्रश्न

मला राहवले नाही. मी दादांना सशाच्या पिल्लांची गोष्ट सांगितली. विचारले, "आम्ही दूध पाजलं, कापूस घातला, तरी ती काऊन मेली?"

दादा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाळ, ती पिल्लं अनाथ नव्हतीच."

त्यांनी समजावून सांगितले ते असे. ससा बिळात राहत नाही. सशीण पिल्ले गवतात ठेवते आणि दिवसभर त्यांच्यापासून लांब राहते. ती जवळ बसली तर कोल्ह्याकुत्र्याला पत्ता लागेल. दिवस मावळल्यावर ती हळूच येते, पिल्लांना पाजते आणि परत निघून जाते. पिल्ले पळत नाहीत, कारण न हलता पडून राहणे हेच त्यांचे लपणे असते. हरिणीसुद्धा पाडसाला असेच गवतात लपवून चरायला जाते. गाईचे दूध सशाच्या पिल्लाला मानवत नाही. आणि खूप माणसांनी हाताळले की भीतीनेच ते अर्धे मरते.

म्हणजे त्या दिवशी संध्याकाळी त्यांची आई धुऱ्यावर आली असेल. पिल्ले तेथे नव्हती. परतीच्या गाडीत मी हेच आठवत होते. मामांनी शेंगदाणे दिले, ते मी खाल्ले नाहीत.

परत जंगलात का सोडत नाहीत

आईशिवाय वाढलेल्या बिबट्याला शिकार करायला कोण शिकवणार? त्याला माणसाची भीतीही राहत नाही. तो गावात शिरतो, मग लोक त्याला मारतात किंवा तो लोकांना मारतो.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण गुरुजींनी सांगितले. पांढरकवडा व राळेगाव भागात एका वाघिणीमुळे तेरा माणसांचा जीव गेल्याचे सांगितले जात होते. लोक वावरात जायला भीत होते. २ नोव्हेंबर २०१८ रोजी तिला गोळी घातली. तिला अवनी म्हणत. तिचा मादी बछडा त्याच डिसेंबरमध्ये पकडून पेंचला कुंपणात ठेवला. मार्च २०२१ मध्ये त्या वाघिणीला जंगलात सोडले. पण दुसऱ्या वाघिणीशी झालेल्या झुंजीत ती जखमी झाली आणि थोड्याच दिवसांत मेली. म्हणजे आई गेली की मोठ्या माणसांनी एवढी काळजी घेऊनही सोपे नसते.

बाबांचे म्हणणे

मी हे घरी सांगितले तेव्हा बाबा म्हणाले, "पोरी, तुले सशाचं वाईट वाटते. पण रोह्यांनी आन डुकरांनी आपली तूर खाल्ली ते कोण पाहते?" बाबांचेही खरे आहे. ते रात्र रात्र जागलीला जातात. माडिया लोकांना जसे धान्य मिळाले तशी शेतकऱ्यालाही मदत मिळाली पाहिजे. गुरुजी म्हणाले, पीक खाल्ले तर लगेच वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्यावा, भरपाई मागता येते.

लक्षात ठेवा

१. सशाचे किंवा हरणाचे पिल्लू एकटे दिसले तर उचलू नये. लांब जावे. कुत्री बांधून ठेवावी.
२. आई मेलेली डोळ्यांनी दिसली किंवा पिल्लू जखमी असले तर गुरुजींना वा मोठ्यांना सांगावे. वनखात्याचा फोन नंबर १९२६ आहे.
३. रानातले प्राणी आणि पोपट घरी पाळणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.
४. दूध पाजू नये. हातोहाती फिरवू नये.

शेवटी

गेल्या आठवड्यात आमचा हरभरा सोंगताना परत एक पिल्लू दिसले. भाऊ धावला, पण त्याने हात लावला नाही. तो ओरडला, "ताई, याची माय संध्याकाळी येते नं?" बाबांनी पाहिले आणि काही न बोलता तेथले चार तास तसेच सोडले. आई म्हणाली, "उद्या सोंगू." आम्ही दिवस बुडायच्या आधीच घरी आलो.

सकाळी जाऊन पाहिले तर पिल्लू तेथे नव्हते. रक्त नव्हते, केसही पडलेले नव्हते. मग बाबांनी ते चार तास सोंगले.

— इयत्ता ४ थीची विद्यार्थिनी