गरोदरपणातला व्यायाम : पैसे कशाला मोजायचे, कशाला नाही

आकडा आधी सांगते : शून्य रुपये. चालण्याच्या व्यायामाला न घसरणारी चप्पल, पाण्याची बाटली आणि सपाट रस्ता, एवढ्यावर भागतं.

मात्र चालायला लागण्याआधी तपासणी करून घ्या. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला, चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. हिंगोली जिल्ह्यात असाल तर तिथलं जिल्हा रुग्णालय किंवा तुमच्या तालुक्याचं सरकारी रुग्णालय गाठा. कोणतं केंद्र सोयीचं, ते आशाताईंना विचारा. आधार, माता-बाल संरक्षण कार्ड, जुने रिपोर्ट सोबत ठेवा. गर्दी असते, सकाळीच निघा. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. कुणी मागितलेच तर पावती मागा.

डॉक्टरांना थेट विचारा : वार खाली आहे का? बीपी किती? हिमोग्लोबिन किती? वार खाली, पिशवीच्या तोंडाला टाका, रक्तस्राव, वाढलेलं बीपी, हिमोग्लोबिन ७ च्या खाली, यातलं काहीही असलं तर व्यायाम मनाने करायचा नाही.

सगळं ठीक असेल तर आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. सवय नसेल तर दहा मिनिटांपासून. चालताना जावेशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. धाप लागली की वेग कमी करा. उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत घरी या. चौथ्या महिन्यानंतर पाठीवर सपाट झोपून व्यायाम नको. कपालभाती, भस्त्रिका, श्वास रोखणं अजिबात नको.

‘शेतात राबते की, वेगळा व्यायाम कशाला?’ असं घरचे म्हणतील. हळद शिजवतानाची धग, पाण्याचे हंडे, पोती उचलणं हे कष्ट आहेत, व्यायाम नव्हे. असा कष्टाचा दिवस गेल्यावर चालू नका, आडव्या व्हा.

क्लास लावायचाच असेल तर आधी तीन गोष्टी विचारा : फीमध्ये पुस्तकं, पावडर, पट्टा धरलाय का? डॉक्टरांनी विश्रांती सांगितली तर पैसे परत मिळतात का? शिकवणारीचं प्रशिक्षण कुठलं? ‘नॉर्मल डिलिव्हरीची गॅरंटी’ म्हणणाऱ्याकडे एक रुपयाही भरू नका. ती कुणालाच देता येत नाही.

रक्त किंवा पाणी गेलं, चक्कर आली, छातीत दुखलं, पोटरी सुजून दुखली, पोटात ठरावीक वेळाने कळा आल्या किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा. तातडीला १०८, सरकारी दवाखान्यात जाण्या-येण्याला १०२. दोन्ही मोफत. ड्रायव्हरला डिझेलचे पैसे द्यायचे नसतात.