लहानांना वाफा कसा शिकवावा



आपली शाळा चौथीपर्यंतच आहे. जूनमध्ये आम्ही चौथीची मुलं पाचवीला दुसऱ्या गावी जाणार. मग शाळेमागची परसबाग कोण करणार? दुपारच्या खिचडीला मेथी-कोथिंबीर कोठून येणार? म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर बाईंनी ठरवलं, की दर शनिवारी चौथीने दुसरीच्या मुलांना बाग शिकवायची. फळ्यावर नाही, मातीत. पुढच्या वर्षी ही पाळी आता तिसरीत असलेल्या मुलांवर येईल. त्यांनी हे नीट वाचावे.

पहिला नियम बाईंचा आहे. शिकवणाऱ्याने एकदा करून दाखवायचे आणि मग आपले हात पाठीमागे धरायचे. हे फार अवघड आहे! लहान मुलगा वाकडी ओळ पेरतो तेव्हा आपले हात शिवशिवतात. पण आपण खुरपं घेतलं तर काम आपल्याला येतं, त्याला येत नाही. वाकड्या ओळीतली मेथीही उगवतेच.

दुसरे म्हणजे प्रत्येकाला स्वतःचा तुकडा पाहिजे, हातभर का होईना. बाईंनी सांगितले, की जर्मनीत फ्रोबेल नावाचे शिक्षक होते. त्यांनी १८४० साली लहान मुलांच्या शाळेला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. तेथेही मुलांना स्वतःचे छोटे छोटे वाफे असत. आमच्याकडे मुलांनी आपापल्या तुकड्याला खडे लावून हद्द केली आहे. त्यावरून भांडणेही होतात.

वाफा लहानांच्या मापाचा करावा. मोठ्या माणसांना चार फूट रुंद वाफा चालतो. दुसरीच्या मुलाचा हात मधोमध पोचत नाही, मग तो वाफ्यात पाय देतो आणि माती दाबली जाते. आम्ही दोनच फूट रुंद केले. कुदळ एका मुलाच्या आजोबांनी मारली. ढेकळं फोडणं आणि खडे वेचणं लहानांचं काम. माती ओली गच्च असताना खणू नये. मुठीत माती घेऊन दाबावी. गोळा झाला आणि बोटाने टिचकी मारल्यावर फुटला, तर वाफसा आला असे समजावे. हा खेळ मुलांना इतका आवडतो, की एकेक जण दहा-दहा गोळे फोडतो. शेणखत जुने, काळे, भुसभुशीत आणि वास न येणारे घ्यावे. ताज्या शेणाने हुमणी होते आणि कोवळी मुळं पोळतात.

पहिल्या धड्याला मेथीच घ्यावी, असे माझे मत आहे. रात्री भिजवलेली मेथी तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याभरात भाजी होते. लहान मुलांना जास्त थांबवत नाही. वांगी-मिरचीला आधी रोप करावे लागते, महिना-सव्वा महिन्याने ते दुसरीकडे लावावे लागते, तोवर मुलं विसरून जातात. ते नंतर शिकवावे. बी घरचे घ्यावे. दुकानातल्या पुडीतले रंगीत बी औषध लावलेले असते. ते लहानांच्या हाती मुळीच देऊ नये.

बी किती खोल पुरायचे? बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. मेथीला नखभर, घेवड्याला बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत. हे माप कोणी घरी विसरून येत नाही.

आता मोठी अडचण. बी पेरलं की लहान मुलं रोज उकरून बघतात. ओरडून उपयोग होत नाही. त्यावर चांगली युक्ती म्हणजे उकरायची करवंटी. नारळाच्या करवंटीत माती भरून थोडी मेथी पेरायची आणि सांगायचं, हिच्यात रोज उकरा, वाफ्याला हात लावू नका. मुलं रोज एक दाणा काढून बघतात. आधी मूळ खाली जाते आणि मग दोन पाने वर येतात, हे त्यांना न सांगता कळले.

कोथिंबिरीची गंमत वेगळी आहे. आपण ज्याला धना म्हणतो ते फळ असते आणि त्याच्या पोटात दोन बिया असतात. धने पाटावर हलके रगडून दोन फाका करायच्या आणि रात्रभर भिजवून पेरायच्या. तरी उगवायला आठ-दहा दिवस लागतात, थंडीत जास्तच. नवव्या दिवशी एक चिमुरडी रडवेली होऊन म्हणाली, “ताई, माझं बी मेलं का गं?” मी म्हटलं, “मेलं नाय, निजलंय.” ती रोज शाळा सुटल्यावर वाफ्यापाशी जाऊन बसायची. तेराव्या दिवशी हिरवे टोक दिसले. तेव्हा तिने स्वयंपाकाच्या मावशींना हात धरून ओढत आणले.

पाणी घालायला मुलांना फारच आवडते आणि त्यातच रोपे मरतात. मुळांनाही हवा लागते. सारखा चिखल राहिला तर कोवळी रोपे बुडाशी कुजून आडवी पडतात. म्हणून आधी बोट मातीत घालायचे. आत ओल लागली तर झारी खाली ठेवायची. हात धुतलेले पाणी आम्ही चारीने वाफ्याकडे वळवले आहे. त्यामुळे हापशावर कमी जावे लागते.

तण काढताना लहानांनी एक उपटावे आणि दाखवावे. नाहीतर मेथीच उपटली जाते! लव्हाळा वरून तोडून भागत नाही. खालची गाठ निघाली पाहिजे.

पालकांना एक विनंती आहे. घरी राखलेले दोडका, भोपळा, गवार यांचे बी असेल तर मूठभर द्यावे. कुंपणावर वेल चढवायचे आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत पाणी घालायला शाळेजवळ राहणाऱ्या दुसरीच्या चार मुलांनी नावे दिली आहेत. त्यांच्या घरच्यांनी त्यांना ऊन चढायच्या आत पाठवावे. कळशी अर्धीच द्यावी, भरलेली त्यांना उचलत नाही.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी