द्राक्षासवातील द्राक्षा आणि वाइनसाठीचे देशी संकरित वाण

द्राक्षासव व द्राक्षारिष्ट ही आपल्या नित्य चिकित्सेतील औषधे होत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २५व्या अध्यायात फळांमध्ये मृद्वीका श्रेष्ठ मानली आहे. विरेचनोपग, कण्ठ्य, कासहर, ज्वरहर व श्रमहर या गणांतही द्राक्षेचा समावेश आहे. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात द्राक्षा म्हणजे ‘व्हायटिस व्हिनिफेरा’ या जातीचे सुकवलेले पक्व फळ होय. रस व वाइन यांसाठी भारतातच निर्माण झालेले वाण या व्याख्येत बसतात काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत.

कर्जत-खालापूरच्या आपल्या वाचकांना ‘संकर’ हा शब्द नवा नाही. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेले भाताचे वाण येथील शेतकरी पेरतातच. परंतु दोन भातवाणांचा असा संकर बहुधा एकाच जातीच्या अंतर्गत असतो. द्राक्षाच्या बाबतीत मात्र कित्येकदा दोन भिन्न जाती एकत्र आणल्या जातात. त्याचे कारण रोगप्रतिकार हे होय. व्हिनिफेरा जात मूळची कोरड्या उन्हाळ्याच्या प्रदेशातील. दमट हवेत तिच्यावर केवडा, भुरी व करपा लवकर पडतो. आपल्या अतिवृष्टीच्या पट्ट्यात द्राक्षबागा का रुजल्या नाहीत, हे यावरून ध्यानात येईल. उलट ‘व्हायटिस लाब्रुस्का’ ही अमेरिकेतील जात बुरशीजन्य रोगांना अधिक तोंड देते.

पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे पहिले संचालक वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर होत. १९९२ पासून ही संस्था आघारकर संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते. तेथे ‘एआरआय-५१६’ हा वाण सिद्ध झाला. लाब्रुस्का गटातील ‘कटाबा’ आणि व्हिनिफेरा जातीचा ‘ब्यूटी सीडलेस’ यांचा तो संकर आहे. ११० ते १२० दिवसांत तयार होणारा हा वाण रस, जॅम व लाल वाइन यांस योग्य असल्याचे संस्थेने सांगितले आहे. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘अर्का श्याम’ व ‘अर्का तृष्णा’ हे वाण ‘बंगलोर ब्लू’पासून निपजले आहेत, या बंगलोर ब्लूमध्येही लाब्रुस्काचा अंश आहे.

मांजरी येथे १९९७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा ‘मांजरी मेडिका’ हा वाण ‘पुसा नवरंग’ व ‘फ्लेम सीडलेस’ यांचा संकर आहे. सामान्य काळ्या द्राक्षात रंग सालीत असतो. येथे गरही रंगीत असतो. नावातील ‘मेडिका’ हा शब्द औषधी गुणांकडे निर्देश करतो, तथापि वाणाचे नाव हे शास्त्रोक्त प्रमाण नव्हे.

या संकरांस आम्ही निकृष्ट म्हणत नाही. आहार म्हणून, रस म्हणून ते उत्तमच असतील. परंतु आपण ज्या गुणांचा आधार घेतो, ते गुण परंपरेने व्हिनिफेराच्या सुकवलेल्या फळाचे नोंदलेले आहेत. लाब्रुस्काचा विशिष्ट उग्र गंध संधानानंतरही राहू शकतो, आणि साखरेचे प्रमाण वाणानुसार बदलल्याने आसवातील स्वयंनिर्मित मद्यार्काचे प्रमाणही बदलते. तेव्हा पुढील दक्षता घ्यावी :

१. मनुका खरेदी करताना वाणाचे नाव व उत्पादनाचे ठिकाण विचारून ते अनुसूची ‘टी’नुसार ठेवावयाच्या कच्च्या मालाच्या नोंदीत लिहावे.
२. वाण अज्ञात असल्यास, अथवा दोन जातींचा संकर असल्यास, तो माल आसव-अरिष्टांसाठी वापरू नये.
३. ताज्या द्राक्षांचा रस मनुकांऐवजी योजू नये; पाठात सांगितलेले द्रव्य तेच ठेवावे.
४. प्रत्येक घाण्यापूर्वी काढ्याची गोडी मोजून नोंदवावी.

आपल्या तालुक्यांत द्राक्षे पिकत नसल्याने औषधनिर्मात्यांचा माल घाटमाथ्यावरून येतो, बाग आपल्या दृष्टीस पडत नाही. म्हणूनच पिशवीवरील नावाइतकीच त्यामागील वंशावळ विचारणे हे वैद्य व औषधनिर्माता या दोघांचेही कर्तव्य ठरते.